हौदातला समुद्र

बिडी पेटवणाऱ्याला अप्पा कधी हटकायचे नाहीत. त्याच्यासमोर उकिडवे बसायचे, पहिला झुरका आत जाईपर्यंत वाट बघायचे आणि शांतपणे सांगायचे, "ओढ की, ओढ. निस्तं सोडू नको."

बिचारा गाल फुगवून बसायचा. डोळ्यांत पाणी यायचं, कानशिलं लाल व्हायची. अप्पा बोट वर करून समजावायचे, "आत ऱ्हायला की साठला. बाहेर सोडलास की आभाळात गेला आन् समद्यांच्या डोक्यावर बसला." गावातल्या बिड्या काही कमी झाल्या नाहीत. अप्पा दिसले की लोक बिडी पाठीमागं धरायला शिकले एवढंच.

मी लातूरकडून मुडबीच्या अलीकडच्या एका गावी हायस्कूलला जीवशास्त्र शिकवायला गेलो तेव्हा अप्पा त्याच शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. त्यांच्याच घरात समोरची खोली मला भाड्यानं मिळाली, जेवणही त्यांच्याकडंच. गाव कर्नाटकात, शाळा मराठी, बाजार कानडी आणि तंटे दखनीत. अप्पांनी या सगळ्याची वाटणी करून टाकली होती. शिकवायचं मराठीत, रागवायचं कानडीत आणि शाबासकी द्यायची उर्दूत. घरी मात्र ते फारसे कुठल्याच भाषेत बोलत नसत, कारण तिथं अक्का बोलायच्या. अक्का म्हणजे त्यांची बायको. सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं, आणि अप्पा "अगं" म्हणायचे किंवा नुसतं खाकरायचे.

विज्ञान शिकवण्याची अप्पांची एक पद्धत होती, ती मला त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून कळली. शाळेत प्रयोगशाळा नव्हती. अप्पा खडू उभा धरायचे आणि म्हणायचे, "समजा, ही परीक्षानळी हाय. समजा, ह्यात जस्त टाकलं. वरून आम्ल वतलं. आता समजा, तोंडाशी काडी धरली." मग स्वतःच तोंडानं "पॉप" असा आवाज काढायचे आणि दचकून मागं सरायचे. पहिल्या बाकावरची मुलंही सरायची. मुलं पास व्हायची, पुण्याला, हैदराबादला, मुंबईला निघून जायची, आणि खडूतून निघालेला तो हायड्रोजन जन्मभर विसरायची नाहीत.

एकदा मी हे आठवून हसलो तेव्हा अप्पा मात्र हसले नाहीत. "मास्तर," ते म्हणाले, "कॉलेज सुटल्यापासून मी परीक्षानळी हातात धरली न्हाई. सगळी नोकरी तोंडानं झाली. एक प्रयोग तरी ह्या हातानं करावं आन् मग मरावं, एवढंच हाय मनात." त्यांनी दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. शेतकऱ्याच्या घरातले असूनही ते हात फार मऊ होते.

तो प्रयोग फोनवरून आला. अप्पांचा एक विद्यार्थी डिप्लोमा करून तिकडं तमिळ मुलखात, रामेश्वरच्या बाजूला, कुठल्याशा कंपनीत लागला होता. दर रविवारी तो गुरुजींना फोन करायचा आणि अप्पा मोबाईल तोंडासमोर आरशासारखा धरून ओरडायचे. तिथं समुद्रात शेवाळाची शेती करतात, असं त्यानं सांगितलं. बांबूचा तराफा करायचा, त्याला दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे आणि तराफा पाण्यावर सोडून द्यायचा. दीड महिन्यात कापणी.

"खत?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई सर."

"पाणी?"

"पाण्यातच असतंय की सर ते."

"नांगरट, कोळपणी, फवारणी?"

"काईच न्हाई. पाण्यात मुरलेला धूर खातंय आन् वाढतंय."

त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. गुऱ्हाळं, वीटभट्ट्या, ट्रक, बिड्या, सगळ्यांचा धूर हवेतून पाण्यात उतरतो आणि पाण्यातलं एक मुळं नसलेलं झाड तो फुकटात खातं, हे त्यांना इतकं पटलं, की उरलेल्या जगावर त्यांना राग यायला लागला. देवळातल्या उदबत्त्या त्यांनी विझवल्या. "देवाला वास पुरं हाय, धूर कशाला?" पुजाऱ्यानं काड्यापेटी खिशात घातली, कारण तोही त्यांचाच विद्यार्थी होता. मग अप्पा अक्कांच्या चुलीकडं वळले. तुराट्या जाळू नको, म्हणाले. अक्का उठल्या. दुपारी ताटात पिठाचा कच्चा गोळा, शेजारी कच्चं वांगं आणि कच्च्या डाळीची वाटी. "घ्या. धूर न केल्यालं जेवण," त्या म्हणाल्या. अप्पांनी ताट बाजूला सारलं. संध्याकाळी तुराट्यांची पेंढी त्यांनी स्वतः चुलीपाशी आणून टाकली.

मधेच एकदा फार मोठी निराशा झाली. विद्यार्थ्यानं फोनवर सहज सांगितलं, की काढलेलं शेवाळ वाळवून विकतात, त्याचं चिकट असं काहीतरी काढतात आणि ते आइस्क्रीममध्येसुद्धा घालतात.

"म्हंजे माणसं खातेत?" अप्पांचा आवाज चिरकला.

"खातेत की."

"आरं, खाल्लं की ढेकर आला, श्वास आला, धूर परत वर गेला. मग साठला कुठं? ते बुडवाया पाहिजे. खोल, पार तळाला. बुडालं तरच साठलं."

"बुडवाया कोण पगार देतंय सर?"

अप्पांनी फोनच बंद केला. भालकीच्या बाजारात आम्ही गेलो की मी मुद्दाम आइस्क्रीम मागवायचो. ते माझ्याकडं असे बघायचे, की दोन चमचे खाऊन मी कप खाली ठेवायचो.

शेवाळ आलं ते मी तिथं गेल्याच्या सातव्या वर्षी, दसरा झाल्या झाल्या. औरादचा एक माणूस तिकडून गावी येत होता, त्याच्याबरोबर विद्यार्थ्यानं थर्माकोलच्या डब्यात ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठवलं. चार बस बदलून ते आलं तेव्हा बरंचसं कुजलं होतं. मूठभर जिवंत होतं. तपकिरी, जाड, बोटाबोटांचं, दाबलं तर रबरासारखं. अप्पांनी ते ओंजळीत घेतलं आणि त्यांच्या तोंडून एकदम उर्दू निघाली. "वाह रे मेरे शेर," ते म्हणाले.

परसात गुरांचा जुना हौद होता, तीसेक घागरींचा. त्यात समुद्र करायचा ठरला. पाण्यात मीठ किती, हे पुस्तकात होतं आणि अप्पांना पाठ होतं. पण हौद वेडावाकडा, त्यात पाणी किती मावतं यावर माझं आणि त्यांचं गणित जुळेना. शिवाय अप्पा म्हणाले, "आकडा मी जन्मभर सांगिटलो मास्तर. त्याची चव कशी असती ते आता बघायचंच." म्हणजे चाखून बघायला हवं. आणि तिथंच अडचण आली. अप्पांना रक्तदाब होता. डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं आणि अक्का तो हुकूम कोर्टाच्या निकालासारखा पाळायच्या. मिठाचा डबा कुलपात. अप्पांची भाजी निराळी, आळणी. त्यांनी हौदात नुसतं बोट बुडवलं तरी अक्का पदर खोचून येणार हे नक्की. घरात चिमूटभर नाही आणि परसात खडेमिठाची दहा-दहा किलोची तीन पोती, अशा घरात मी राहत होतो.

समुद्र चाखलेली माणसं गावात दोनच निघाली. बाबूमियाँ गवंडी बारा वर्षं वसईला होते. शिवाप्पा नावाचा धनगर मेंढरं विकून गोव्याला इमारतीच्या कामावर गेला होता आणि दोन वर्षांत परत आला होता. दोघांच्याही नाकातोंडात कधीतरी समुद्राचं पाणी गेलेलं. अप्पांनी दोघांना हौदाच्या कडेला पाहुण्यांसारखं खुर्च्यांवर बसवलं. मी मीठ ढवळायला.

पहिलं पोतं विरघळल्यावर बाबूमियाँनी ओंजळभर घेतलं, तोंडात घोळवलं, थुंकलं. "ये तो दाल है साब. दर्या ऐसा नहीं रहता."

आणखी अर्धं पोतं. शिवाप्पानं चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "जास्ती झालं अप्पा. गोव्याचं एवढं कडू न्हाई. तिथलं पाणी गरीब हाय."

"गरीब?" बाबूमियाँ खवळले. "अरे, तू किनारे पे पिया होगा. मैं बीच में गिरा था."

"गिरा था म्हंजे दारू पिऊन गिरा था. तवा काय कळतंय चव?"

वसईचा समुद्र आणि गोव्याचा समुद्र यांचं भांडण दोन तास चाललं. एक म्हणे टाका, दुसरा म्हणे पाणी वाढवा. अप्पा दोन्ही बाजू वहीत लिहून घेत होते. शेवटी गोव्यापेक्षा थोडं खारं आणि वसईपेक्षा थोडं गोड, अशा मधल्या कुठल्यातरी समुद्रावर तडजोड झाली. माझ्या अंदाजानं तो रत्नागिरीच्या आसपासचा असावा. दोघंही चाखून चाखून इतके तहानले होते की अक्कांनी त्यांना तांब्यामागून तांब्या ताक दिलं.

बांबूच्या चार कामट्यांचा तराफा केला. शेवाळाचा तुकडा त्याला दोऱ्यानं बांधला. दोरा अप्पांच्या हातात होता. माझा हात पुढं गेला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला. गाठ त्यांनीच मारली. तीन वेळा सुटली, चौथ्यांदा बसली.

पुढं दर रविवारी वजन व्हायचं. अप्पांना मोतीबिंदू आलेला, काट्यावरचा आकडा दिसत नसे. म्हणून तराफा काढायचा, पाणी निथळू द्यायचं, काटा वाचायचा आणि आकडा सांगायचा हे काम माझं. पहिले तीन रविवार वजन तेवढंच. चौथ्या रविवारी घटलं. अप्पांचं तोंड उतरलं. नंतर मात्र वाढायला लागलं. थोडं, मग बरंच. अप्पा आकडा लिहायचे, वही बंद करायचे आणि तिच्यावर हात ठेवायचे.

सहाव्या की सातव्या रविवारी माझ्या हाताला कळलं. तराफ्यावर जे होतं ते जाड, बोटाबोटांचं नव्हतं. ते केसांसारखं बारीक, हिरवं, बुळबुळीत होतं. आमच्या शाळेमागच्या विहिरीच्या पायरीवर हवं तेवढं मिळेल असं, ज्यावरून घसरून दरवर्षी कुणीतरी कंबर मोडून घेतं ते साधं शेवाळ. समुद्राच्या पाहुण्याचा पांढरा पडलेला एक तुकडा दोऱ्याला लोंबत होता, तो मी बोट लावताच गळून पडला. मी हौदातलं पाणी जिभेला लावलं. चांगलं गोड पाणी होतं. त्याच्यात वरण शिजलं असतं.

मी मान वर केली तर अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. अप्पा आत वही आणायला गेले होते.

"म्या करायले," त्या हळूच म्हणाल्या. "रोज सकाळी दोन-तीन बादल्या खारं काढून टाकती, तेवढंच गोडं वतती."

"अहो अक्का, कामून?"

"चिमणी येती. चोच बुडिवती आन् तशीच तहानेली उडून जाती. रोज बघायचं कसं ते? मुकं जनावर हाय. आन् आता तर हे खूश हाईत. वाढायलंय म्हणून जेवायलेत बी दोन घास जास्ती. तुम्ही काय बोलू नका मास्तर, तुम्हाला माझी शपथ."

अप्पा वही घेऊन आले. मी काटा वाचला आणि आकडा सांगितला. आकडा खोटा नव्हता. कशाचं वजन, एवढंच मी सांगितलं नाही. मी बी.एस्सी., जीवशास्त्राचा मास्तर, आणि मी पुढचे चार रविवार विहिरीचं शेवाळ समुद्राच्या नावानं तोलून दिलं. मनाला समजावलं, की म्हातारा खूश आहे, आपलं काय जातं.

पण येळवस आली. आमच्याकडं त्या अमावस्येला कुठं कुठं पांगलेली माणसं गावी येतात, शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून पूजा होते, भज्जी आणि आंबील होतं. रामेश्वरचा विद्यार्थीही येणार होता. तो आल्यावर एका नजरेत ओळखणार. मी त्याला बसस्टँडवरच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. तो चांगला मुलगा होता. "सरांसाठी एवढं खोटं बोलतो की मी," म्हणाला.

शेतातून जेवून आल्यावर आम्ही सगळे परसात जमलो. विद्यार्थी हौदावर वाकला, तराफा उचलला, तो हिरवा गुंता हातात घेतला आणि ठरल्याप्रमाणं म्हणाला, "लई जोरात वाढलंय सर. आमच्याकडंबी एवढं येत न्हाई."

अप्पा खुर्चीवर बसले होते. "तिथं किती वर्षं झाली रं तुला?"

"चार."

"तिथंबी असंच असतंय? हिरवं, केसावाणी?"

"व्हय सर."

"मग तुझी नोकरी अवघड हाय," अप्पा म्हणाले.

आम्ही तिघंही आता रागाच्या कानडीची वाट बघत होतो. ती आली नाही. अप्पांनी वही उघडली आणि माझ्या हातात दिली. "वाचा मास्तर. आकड्याच्या शेजारचं वाचा. इतके दिवस तुम्ही आकडाच सांगताव, शेजारी मी काय लिवतो ते कधी बघितलावच न्हाई."

वाकड्या, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. पाचव्या रविवारापाशी: 'आज हौदात बेडूक पोहताना ऐकला. खाऱ्या पाण्यात बेडूक राहत नाही. पाणी गोडं झालं आहे.' सहाव्यापाशी: 'हाताला बुळबुळीत. समुद्राचे मेले असावे. हे गावचे आहे.' सातव्यापाशी: 'मास्तरांना कळले आहे. ते सांगत नाहीत. त्यांचा स्वभाव चांगला आहे.'

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी एकच ओळ होती. 'आजही सांगितले नाही.'

आयुष्यात मला पुष्कळांनी शिव्या दिल्यात, पण 'त्यांचा स्वभाव चांगला आहे' एवढं झोंबलेलं दुसरं वाक्य नाही. ज्या माणसाला हातानं एकच प्रयोग करायचा होता, त्याचा प्रयोग मी चार रविवार गोड बोलून खाल्ला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर अप्पांनी हात वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट असा आनंद होता, जसा वजन वाढलं तेव्हाही मी पाहिला नव्हता.

"आरं, असं तोंड पाडून कामून बसलाव?" ते म्हणाले. "खडूतला प्रयोग माझा कधी फसला न्हाई. जन्मात एकदाबी न्हाई. लिटमस म्हणलं की तांबडा. कारण त्यात काईच नव्हतं, निस्तं तोंड होतं. ह्यो फसला. म्हंजे खरा झाला. मी केलो, ह्या हातानं केलो, आन् फसला." त्यांनी विद्यार्थ्याच्या खांद्यावर थाप मारली. "आता एकच कळत न्हाई. पाणी गोडं झालं कसं? चीर न्हाई, पाऊस न्हाई. कारण लिवल्याशिवाय वही पुरी होत न्हाई."

मग अक्का पुढं आल्या. पदराचं टोक बोटांना गुंडाळत त्यांनी सगळं सांगितलं. बादली सांगितली, चिमणी सांगितली. "मला काय ठावं तुमचं एवढं मन हाय त्यात," म्हणाल्या, आणि रडू लागल्या. त्या घरात मी अक्कांना रडताना पहिल्यांदाच पाहत होतो.

अप्पांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. चिमणीची चोचसुद्धा. मग म्हणाले, "चिमणीसाठी शेजारी गोड्या पाण्याचं निराळं येळणं ठिवलं असतं तर दोघंबी जगली असती. हे मला सुचाया पाहिजे होतं. मी आभाळातल्या धुराचं बघत बसलो." आणि विद्यार्थ्याकडं वळून, "परत पाठिवतोस का रं मूठभर?"

"पाठिवतो की सर."

अक्कांनी डोळे पुसले. "पाठव बाबा," त्या म्हणाल्या. "पण ह्या बारीला पाण्याचं मला समजावून सांगा. किती खारं, कवा बदलायचं, कवा न्हाई. न्हाईतर परत हिनंच मारलं म्हणाल."

अप्पांनी वहीचं नवं पान काढलं. वर तारीख घातली. त्याखाली 'प्रयोग करणार' असं लिहिलं आणि पुढं दोन नावं लिहिली. दुसरं त्यांचं होतं. पहिलं मला ओळखू येईना, तेव्हा वही जवळ ओढून पुन्हा वाचलं. सात वर्षं त्या घरात जेवलो होतो. अक्कांचं नाव काय, हे मला त्या दिवशी कळलं.